हसरा पाहिजे

आमच्या कंपनीत सगळं ठाऊक असणारे दोघेच होते. एक वरचा आणि दुसरी मी. त्यातही वरच्याला जरा उशिरा कळायचं, कारण त्याच्याकडे टेलिफोनचा बोर्ड नव्हता.

मी वासंती टेंभेकर, चिंचवडला पंप तयार करणाऱ्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. आणीबाणी उठली, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. रोज तळेगावहून लोकल पकडून यायचं, कानाला हेडफोन अडकवायचा आणि समोरच्या भोकांत पिना खुपसत बसायचं. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं, कुठल्या गिऱ्हाइकाचा पंप गळतोय, सगळं माझ्या कानावरून पुढं जायचं. आणि सगळ्यात जास्त काय जायचं, तर नोकरीची रदबदली. कुणाचा मेहुणा चिकटवायचा, कुणाचा भाचा पर्मनंट करायचा!

टेंपररी कामगारांचं मोठं अवघड होतं. काही महिने काम करायचं की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसवायची. गरज लागली की पुन्हा बोलावणार, पण कुणाला बोलावणार ते सांगता येत नसे. या चक्रातून सुटायचं तर पर्मनंट व्हावं लागे, आणि पर्मनंट व्हायला कुणातरी मोठ्याची चिठ्ठी लागे. ज्याच्यामागं कुणी नाही, तो माणूस ब्रेकवर ब्रेक खात म्हातारा व्हायचा.

अशात पर्सोनेल ऑफिसर म्हणून नंदकिशोर बिडवे आले. वयानं तरुण, मुंबईला शिकून आलेले, कामगारांनाही अहो-जाहो करणारे. हे अहो-जाहो ऐकून पहिले काही दिवस कामगार मागं वळून बघायचे, की साहेब नक्की कुणाशी बोलतायत.

बिडवे साहेबांच्या मनात दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे भरती सरळ मार्गानं झाली पाहिजे. पेंट शॉपमध्ये एक पर्मनंट जागा निघाली होती, ती त्यांनी मोठ्या साहेबांच्या मागं लागून मागून घेतली. चिठ्ठी चालणार नाही, काम आणि वागणूक बघून आम्ही माणूस निवडू. दुसरी गोष्ट म्हणजे कामगाराचं मन. कामगार घरून दुःख घेऊन येतो, मशीनवर त्याचं लक्ष लागत नाही, अपघात होतात. तेव्हा, साहेब म्हणाले, दर गुरुवारी दुपारी माझ्या केबिनचं दार उघडं राहील, ज्याच्या मनावर ओझं असेल त्यानं येऊन बोलावं.

दोन्ही गोष्टी चांगल्याच होत्या. पण साहेबांनी त्या कॅन्टीनमध्ये एकाच भाषणात, एकीला लागून दुसरी, अशा सांगितल्या. टेंपररी माणसांनी त्याचा अर्थ असा लावला, की जागा एक आहे, आणि कोण दुःखी आहे ते शोधून साहेब त्याला गाळणार आहेत.

पहिल्या गुरुवारी साहेब दार उघडं टाकून बसले. कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी एक मांजर आलं.

त्याच दिवशी साहेबांनी एक फोन लावायला सांगितला. मी जोडून दिला. साहेब बोलत असताना बबनराव चहा घेऊन आत गेले. बबनराव म्हणजे आमच्या कॅन्टीनचे चहावाले, किटली घेऊन सगळ्या खात्यांत फिरणारे. त्यांच्या कानावर साहेबांचं बोलणं पडलं. साहेब अगदी ठासून सांगत होते, "रडका अजिबात नको. मला हसराच पाहिजे. रडका पाठवलात तर परत पाठवीन."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही बातमी फाउंड्रीपासून गेटपर्यंत पोचली होती. जागा हसऱ्या माणसाला मिळणार!

आता तो फोन होता फोटो स्टुडिओला. साहेबांच्या मुलाचा पहिला वाढदिवस झाला होता, त्याचे फोटो काढले होते. हे मला माहीत होतं, कारण पीन मीच खुपसली होती. मी बबनरावांना बोलावून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, ज्या नजरेनं माणसं पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतात.

"बरोबर हाय बाई," ते म्हणाले. "तुमाला असंच सांगावं लागणार."

संध्याकाळपर्यंत बातमीला शेपूट फुटलं. टेलिफोनवाल्या बाईंना सारवासारव करायला लावलंय, म्हणजे बातमी शंभर टक्के खरी.

दुसऱ्या दिवसापासून कंपनी हसायला लागली. टेंपररी माणसं तर हसायचीच, पण आपल्या भाच्या-पुतण्यांचं नुकसान नको म्हणून पर्मनंट माणसंही हसायची. गेटवरचा वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून असा हसायचा, की पाहुणे आपल्या पँटची बटणं तपासत आत येत. मशीन शॉपमध्ये एकाचं बोट चिमटलं, तर तो बोट तोंडात धरून "मजा आली" म्हणाला. एकाची दाढ ठणकत होती. तो गाल सुजलेल्या बाजूनं हसायचा, त्यामुळे सगळ्यात जास्त आनंदी तोच दिसायचा. इचलकरंजीहून एक गिऱ्हाईक पंप बघायला आलं. ते ज्या खात्यात जाईल तिथं माणसं त्याच्याकडे बघून हसायची. बिचाऱ्याला वाटलं, आपल्या टोपीला हसतायत. ऑर्डर न देताच गेलं.

बिडवे साहेब मात्र खूश होते. माझ्या बोर्डापाशी थांबून म्हणाले की वासंतीबाई, केबिनचं दार उघडं ठेवल्याचा केवढा परिणाम झाला बघा. नुसतं दार उघडं आहे, एवढ्यानंच माणसं मोकळी झाली! मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात बोर्डावर दिवा लागला.

पेंट शॉपमध्ये मालोजी खरमाटे नावाचा टेंपररी होता. बीडकडचा, पाटोद्याच्या बाजूचा. उंच, वाळका, मुळात अबोल. त्याच्या हातून पंपावर रंग असा बसायचा की कुठं ओघळ म्हणून दिसायचा नाही. हसण्यात तो सगळ्यात शेवटी सामील झाला, पण झाला तो पुरता. त्याचं हसणं अधूनमधून एकदम सुरू व्हायचं, हा हा हा, पार माझ्या बोर्डापर्यंत ऐकू यायचं आणि विळीनं कापल्यासारखं थांबायचं. मग बराच वेळ शांत. मग पुन्हा. मला वाटायचं, मराठवाड्याकडे असंच हसत असतील.

बिडवे साहेबांनी मालोजीला निवडलं. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असे, कामगारांच्या घरची माणसं येत. त्याच दिवशी स्टेजवर पर्मनंटची ऑर्डर द्यायची, असं ठरलं. त्यावर साहेबांना आणखी एक सुचलं. माणूस इतका समाधानी आहे, तर त्यात त्याच्या बायकोचा वाटा असणारच. तिचाही सत्कार करू, साडी-खण देऊ. बाईंना आमंत्रण बाईनंच द्यावं, म्हणून कंपनीची जीप देऊन त्यांनी मला मालोजीच्या घरी पाठवलं.

मालोजी राहायचा पुनावळ्यात, एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. जीप थांबली तशी आतून एक म्हातारी लगबगीनं बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. ही मालोजीची सासू, अंबुबाई. जीपमधून बाई आली म्हणजे ब्रेकची बातमी आली, असं तिला वाटलं. मी घाईघाईनं सांगितलं की चांगली बातमी आहे, जावई पर्मनंट होतायत, तुमच्या मुलीला न्यायला आलेय.

म्हातारी उंबऱ्यावर बसली. मलाही बस म्हणाली. दोन लहान मुली गोठ्याच्या भिंतीशी चुलीचा खेळ मांडून बसल्या होत्या. खोलीत खुंटीला एक लुगडं अडकवलेलं होतं. त्याच्या वर हार घालायला फोटो नव्हता, म्हणून लुगड्याच्या घडीवरच कुणी झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"रखमा न्हाई आता," अंबुबाई म्हणाली. "कावीळ झाली व्हती. मागल्या म्हयन्यात गेली."

मागचा सगळा महिना मी रोज त्याचं हसणं ऐकत होते. मी विचारलं, कंपनीत कुणाला कसं कळवलं नाही?

तिनं जे सांगितलं ते असं. रखमा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालोजी कामावर आला, कारण टेंपररीला रजा नव्हती. आणि वर साहेबांना हसरा माणूस हवा होता. याला तर हसताच येईना. मग तो गोठ्यात जाऊन शिकायचा. म्हशींच्या पुढं उभा राहून हसायचा.

"पैल्या दिशी म्हशी बुजल्या," ती म्हणाली. "मालक वरडला. मंग म्हशींना सवय झाली." ती पुढं म्हणाली, "मीच मनलं त्याला. माजी लेक गेली, तुज्या वाटचं मी रडते. तू हस. या पोरींचं बघाय पायजे ना बाई. तुमी कंपनीत बोलू नका."

तिनं मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. चहात दूध होतं आणि गूळही होता, पण मला तो कसा लागला ते आठवत नाही.

साहेबांना मी सांगितलं की मालोजीची बायको माहेरी गेलीय. साहेब म्हणाले, हरकत नाही, खंडेनवमीला वेळ आहे, तोवर येईलच.

मी तडक कॅन्टीनमध्ये गेले आणि बबनरावांना सगळं सांगितलं. तुमच्या एका चहाच्या फेरीनं काय केलंय बघा, म्हटलं. ते साखरेच्या पोत्यावर बसले ते उठेचनात. किटलीतला चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं की मालोजीच्या बायकोला स्टेजवरच्यांपैकी कुणी बघितलेलं आहे का. मी म्हटलं, साहेबलोकांनी तर नाही. मग ते म्हणाले की आमची बायको, सुमन, येऊन उभी राहील. डोक्यावरून पदर घेतला की कोण ओळखतंय? साडी घ्यायची, नमस्कार करायचा, उतरायचं. मालोजीची जागा तेवढी हाताला लागू दे.

मालोजी ऐकेना. दुसऱ्याच्या बायकोला माझी कसं म्हणू, म्हणाला. बबनराव म्हणाले, म्हणायचं काहीच नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. पेंट शॉपमधल्या सगळ्यांनी मिळून त्याला तयार केला. गंमत अशी, की त्याच जागेची आशा लावून बसलेले बाकीचे टेंपररीही त्यात होते.

खंडेनवमीला मशीनना झेंडूचे हार घातले, नारळ फुटले. कॅन्टीनमध्ये स्टेज केलं होतं. मोठे साहेब खुर्चीत बसलेले, बिडवे साहेब माइकपाशी, आणि त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई साडी-खणाचं ताट घेऊन उभ्या. मालोजी स्टेजवर चढला. त्याच्यामागून बबनरावांच्या सुमनताई पदर नाकापर्यंत ओढून चढल्या. खाली पेंट शॉपची सगळी माणसं श्वास धरून बसली होती. बबनराव सगळ्यात मागं किटली घेऊन उभे होते आणि आपल्याच बायकोकडे अनोळखी माणसासारखं बघायचा प्रयत्न करत होते.

ऑर्डर दिली, साडी दिली, ओटी भरली. सुमनताई नमस्कार करून वळल्या. सगळं पार पडलं, असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात अरुंधतीबाई कौतुकानं म्हणाल्या, "अशा कशा जाता? नाव घ्या की!"

उखाणा! हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. सुमनताई थांबल्या. बायकांनी खालून आग्रह सुरू केला, त्यांना काय माहीत. माइक तोंडापुढं आला. सुमनताई घाबरल्या आणि घाबरल्यावर माणूस पाठ असलेलंच म्हणतं.

"सकाळच्या शिफ्टला भरून देते डबा," त्या एका दमात म्हणाल्या, "बबनरावांच्या पाठीशी मोरया उभा."

मग मागून, सवयीनं, बबनराव म्हणाले, "जी."

मग जे हसू फुटलं ते खरं होतं. महिनाभर खोटं हसून दमलेली माणसं खरोखर हसली, बाकांवरून पडायची वेळ आली. मोठे साहेब विचारत होते की हे बबनराव कोण. सुमनताई पदरात तोंड लपवून स्टेजवरच बसल्या. बिडवे साहेबसुद्धा न कळता हसत होते.

हसत नव्हता तो फक्त मालोजी. त्यानं सुमनताईंना हात जोडले आणि माइकपाशी आला.

"या माझ्या वहिनी हायेत साहेब," तो म्हणाला. "त्यांना हसू नका. माझी बायको मागल्या म्हयन्यात वारली."

हसणं एकदम थांबलं नाही, मागच्या बाकांवर थोडं चालू राहिलं, मग तेही गेलं. बिडवे साहेबांनी विचारलं की मग तुम्ही तर रोज हसत होतात. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"तुमाला हसरा पायजे व्हता ना."

"मला? कुणी सांगितलं?"

मी उभी राहिले आणि फोटो स्टुडिओचं सांगून टाकलं. साहेब ऐकत गेले, तसे खाली खाली बसत स्टेजच्या पायरीवर टेकले. मग मालोजीकडे बघून म्हणाले, "अहो, मी तर त्यासाठीच दार उघडं ठेवलं होतं. मला सांगायचं होतंत."

"सांगणारच व्हतो," मालोजी म्हणाला. "पर्मनंट झाल्यावर."

आणि मग तो हसला. ते त्याच्या हातात नव्हतं. महिनाभर ज्या जागी रडू यायचं त्या जागी त्यानं हसू बसवलं होतं, ते तसंच बाहेर आलं. हा हा हा. फक्त या वेळी ते मधेच थांबलं नाही. ते लांबत गेलं, फाटत गेलं, आणि पेंट शॉपची माणसं स्टेजवर चढून त्याच्याभोवती गोळा झाली.

त्या दिवशी जेवणं वेळेवर झाली नाहीत. दाढ ठणकणारा माणूस बिडवे साहेबांच्या शेजारी पायरीवर येऊन बसला आणि आपल्या दाढेबद्दल बोलायला लागला. बोलता बोलता दाढेवरून आईवर गेला. त्याच्यामागं दुसरा आला. एका जुन्या फिटरचा मुलगा घर सोडून गेला होता, त्याची कुणाला कल्पनाच नव्हती. साहेब ऐकत बसले. मोठ्या साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं आणि गाडी मागवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा बिडवे साहेबांना फोन आला. हेडफोन कानाला असतो, ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही. मोठे साहेब म्हणत होते की ही फसवणूक आहे, ऑर्डर रद्द करा. बिडवे साहेब म्हणाले की जागा त्याच्या कामाला दिलीय, हसण्याला नाही.

"मग त्याचं हसणं बघत कशाला बसला होतात?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

बिडवे साहेब म्हणाले, "माझं चुकलं, सर. पण ऑर्डर राहू द्या. कुणाला तरी काढायचं असेल तर मला काढा."

ऑर्डर राहिली. बिडवे साहेबांना काढलं नाही, नाशिकच्या गोडाऊनवर पाठवलं. तिथं पंप होते, माणसं फारशी नव्हती. जायच्या दिवशी ते बोर्डापाशी आले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण त्यांनी फक्त लोकलची वेळ विचारली. मला ती पाठ होती, तरी मी चुकीची सांगितली. मागून धावत जाऊन दुरुस्त केली.

त्यांच्या जागी आलेल्या माणसानं केबिनचं दार लावून घेतलं. पुढची जागा निघाली तेव्हा पुन्हा मेहुणे आणि भाचे माझ्या बोर्डावरून जायला लागले. कंपनीतलं हसणंही बंद झालं. वॉचमन पूर्वीसारखा कपाळाला आठ्या घालून बसायला लागला, आणि खरं सांगते, पाहुण्यांना बरं वाटलं.

मालोजीनं पर्मनंट झाल्यावर हक्काची रजा साठेपर्यंत वाट बघितली, मग ती सगळी एकदम घेतली. आम्हाला वाटलं, गावाकडे गेला असेल, बायकोचं काही करायचं राहिलं असेल. रजा संपवून आला त्या दिवशी तो माझ्या खिडकीपाशी थांबला. दाढी केलेली होती, डोळे जरा सुजलेले होते, पण माणूस हलका दिसत होता. मी विचारलं, पाटोद्याला जाऊन आलात का?

"न्हाई ताई. घरीच व्हतो."

"मग इतके दिवस काय केलंत?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली.

"रडलो," तो म्हणाला. "भरपगारी रजा व्हती ताई. मंग अर्धवट कशाला सोडायचं?"